पेप्टाइड नॅनोकणांची रचना खरंच करतं, की नुसतं चिकटतं?

गुलबक्षी | रविवार, रात्री १०:१५

मंडळी, विज्ञान विभागात बरेच दिवस सामसूम आहे, म्हणून हा काथ्याकूट.

लेक एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही ठाण्याचे, त्याचं कॉलेज नवी मुंबईत. गाइडनी प्रकल्पाला विषय दिलाय: पेप्टाइड वापरून सोन्याच्या नॅनोकणांची रचना करणे. लग्नाआधी मीही बीएस्सीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवायचे, त्यामुळे तो वाचतो ते पेपर जेवताना माझ्याही कानावर पडतात. प्रत्येकात हेच. पेप्टाइडने सोनं 'ओळखलं', कणांना 'दिशा दिली', त्यांना 'रांगेत बसवलं'. अरे, दहा-बारा अमिनो आम्लांची साखळी ती! तिला ना डोळे ना डोकं.

लॅबमध्ये झालं ते एवढंच की सोन्याच्या लाल द्रावणात पेप्टाइड घातलं, द्रावण निळं झालं आणि सगळे खूश. मी म्हटलं, यात रचना कुठे दिसली? चिमूटभर मीठ टाकलं असतं तरी निळंच झालं असतं. त्यावर "आई, तुझा काळ वेगळा होता."

तर जाणकारांना दोन प्रश्न. पेप्टाइड खरोखर काही घडवतं, की नुसतं चिकटतं? आणि ज्या कॉलेजात यूव्ही-विझ (द्रावण कुठला प्रकाश किती शोषतं ते मोजणारं यंत्र) आहे पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नाही, तिथे सहा महिन्यांत यातून काही धड निघेल का? ठाणे-बेलापूर पट्ट्यात पेप्टाइडचं काम करणारे कुणी इथे असतील तर जरूर लिहा.


खवचट_काका | रविवार, रात्री १०:३१

सोनं ओळखायचंय ना? जांभळी नाक्यावरचा कुठलाही सराफ कसोटीवर घासून सांगेल. तिथे घडणावळ पण लावतात.


शेवंता_कोपरी | रविवार, रात्री १०:४०

वाचतेय. एक अडाणी शंका: पेप्टाइड म्हणजे ते वजन उतरवायचं इंजेक्शन ना? आमच्या सोसायटीत सध्या दुसरा विषय नाही.


रबाळेकर | रविवार, रात्री ११:२०

शेवंताताई, शंका अडाणी नाही. ते सेमाग्लुटाइड, ३१ अमिनो आम्लांचं पेप्टाइडच आहे. इन्शुलिन ५१ चं. गुलबक्षीताई म्हणतायत ती त्याच घराण्यातली धाकटी भावंडं, ५ पासून २० पर्यंत. पण वजनाचा विषय इथे काढू नका, धागा हातातून जाईल.

मी एमआयडीसीत पेप्टाइडच्या क्यूसीत, म्हणजे दर्जा तपासणीत आहे, कंपनीचं नाव विचारू नये. ताई, तुमची मिठाची शंका अगदी वर्मावर बसलीय. आज फक्त पाया घालतो.

सायट्रेटने बनवलेले सोन्याचे कण लाल का दिसतात? १३ ते २० नॅनोमीटरचे कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात. प्रत्येक कणावर सायट्रेटचा ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना लांब ठेवतात. हा भार झाकला गेला की कण जवळ येतात, शोषण ६०० च्या पुढे सरकतं आणि द्रावण जांभळं-निळं होतं. मीठ हेच करतं. आम्ल हेच करतं. आणि लायसिन-आर्जिनिन भरलेलं कुठलंही धन भाराचं पेप्टाइड हेच करतं, मग त्यात अमिनो आम्लांचा क्रम काहीही असो.

म्हणजे निळा रंग एवढंच सांगतो की कण जवळ आले. कसे आले, का आले, कुठल्या क्रमाने आले, यावर तो गप्प असतो.


ट्रान्सहार्बर | सोमवार, सकाळी ८:०५

आत्ता लोकलमध्ये उभ्याने वाचतोय. मला समजलं ते असं: ठाणे-वाशी गाडीत ऐरोलीपर्यंत माणसं एकमेकांना चिकटलेली असतात ती गर्दी. आणि त्याच डब्यात ज्यांचा टाळवाला खिडकीशी, पेटीवाला मध्ये, कोरस दाराशी असं ठरलेलं असतं ते भजनी मंडळ. दोन्हीकडे माणसं जवळजवळच. बरोबर का रबाळेकर?


रबाळेकर | सोमवार, सकाळी ९:१२

मालक, तुम्ही पेपर लिहा. शंभर टक्के बरोबर. 'निळं झालं, सबब असेम्ब्ली (म्हणजे रचना) झाली' असं म्हणणारे निम्मे लोक गर्दीचा फोटो दाखवून भजनी मंडळ म्हणतायत.


खारघरकर | सोमवार, दुपारी १:४५

रबाळेकरांशी बराचसा सहमत, पण 'नुसतं चिकटतं' याला 'नुसतं' म्हणू नका. चिकटण्यातली निवडही काही कमी गोष्ट नाही. थोडा इतिहास सांगतो.

पेप्टाइडने नॅनोकण सांभाळणं हा काही माणसाचा शोध नव्हे. १९८९ मध्ये 'नेचर'मध्ये एक काम आलं. कॅडमियमच्या विषात वाढवलेलं यीस्ट स्वतःला वाचवण्यासाठी कॅडमियम सल्फाइडचे दोनेक नॅनोमीटरचे स्फटिक बनवतं आणि त्यांना ग्लुटामिक आम्ल-सिस्टीन-ग्लायसिनच्या छोट्या पेप्टाइडांचं अस्तर लावतं. अशा इवल्या अर्धवाहक स्फटिकांना क्वांटम डॉट म्हणतात. हा शब्द घरोघरी जायच्या कितीतरी आधी यीस्टने ते करून ठेवलं होतं.

मग प्रश्न आला की निसर्गात जे पदार्थ नाहीतच, त्यांना धरणारं पेप्टाइड आणायचं कुठून? इथे जॉर्ज स्मिथ यांचं १९८५ चं फेज डिस्प्ले तंत्र कामाला आलं (त्याबद्दल २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा). एम१३ नावाचा विषाणू फक्त जिवाणूंना लागतो, माणसाला नाही. त्याच्या टोकावरच्या प्रथिनाला यादृच्छिक पेप्टाइड जोडायचं. असे अब्जभर वेगवेगळे विषाणू एका नळीत घ्यायचे, हव्या त्या पदार्थावर ओतायचे, न चिकटलेले धुऊन टाकायचे, चिकटलेले आम्लाने सोडवून जिवाणूंमध्ये वाढवायचे आणि पुन्हा ओतायचे. तीन ते पाच फेऱ्या झाल्या की उरतात ते त्या पदार्थाचे पक्के भिडू.

२००० मध्ये अँजेला बेल्चर यांच्या गटाने याच पद्धतीने गॅलियम आर्सेनाइडला धरणारी पण सिलिकॉनला हात न लावणारी १२ अमिनो आम्लांची पेप्टाइडं शोधली. गॅलियम आर्सेनाइड हा अर्धवाहक, त्याला एकाही जिवाने कधी पाहिलेलं नाही. ताई, याला ओळख म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?


सव्वाशेर | सोमवार, दुपारी ४:३०

> अब्जभर वेगवेगळे विषाणू

आकडा मोठा वाटतो, पण करा हिशोब. १२ जागा, प्रत्येक जागी २० पर्याय. २० चा १२ वा घात म्हणजे सुमारे ४ वर १५ शून्यं. नळीत आहेत १ वर ९ शून्यं. म्हणजे ४० लाख शक्यतांपैकी एक तुम्ही तपासली. विजेता नव्हे हो, हजर असलेल्यांतला बरा.

आणि दुसरं. या पद्धतीत कधीकधी जो विषाणू नुसता भराभर वाढतो तोच प्रत्येक फेरीत पुढे येतो, मग लक्ष्य काहीही असो. काही नळीच्या प्लॅस्टिकला चिकटतात. एक सात अमिनो आम्लांचं पेप्टाइड तर एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या प्रयोगांत 'विजेतं' म्हणून निघालं होतं, नंतर कळलं की त्याचा विषाणूच वेगाने वाढतो. तेव्हा 'ओळख' हा शब्द जरा जपून.


खारघरकर | सोमवार, संध्याकाळी ७:०२

@सव्वाशेर, बरोबर, आणि म्हणूनच निवडलेलं पेप्टाइड विषाणूवरून काढून, सुटं बनवून, पुन्हा तपासतात. आणि सगळ्या शक्यता तपासल्या नाहीत म्हणून सापडलेलं खोटं ठरत नाही. मुंबईतली सगळी घरं बघून कोण घर घेतो?


सव्वाशेर | सोमवार, संध्याकाळी ७:१५

घोडबंदर रोडला घर घेतलंय, या विषयावर बोलणार नाही.


आयुर्वेदप्रेमी | सोमवार, रात्री ९:००

पाश्चात्त्यांना आज सुचतंय. आपल्याकडे सुवर्णभस्म शेकडो वर्षांपासून आहे. नॅनोकणच ते.


रबाळेकर | सोमवार, रात्री ९:२५

भस्मात बारीक सोनं असतं यावर वाद नाही. पण इथे प्रश्न कण बनवण्याचा नाही, बनलेले कण ठरावीक जागी मांडण्याचा आहे. भस्मासाठी वेगळा धागा काढा, तिथे येतो.


संपादक | सोमवार, रात्री ९:३०

भस्मावरचे पुढचे चार प्रतिसाद हलवले आहेत. कृपया विषयावर.


ओला_कचरा | सोमवार, रात्री १०:१०

भस्म नको तर नको, पण गवती चहा? पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मुरली शास्त्रींच्या गटाने २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे सपाट त्रिकोणी कण बनवले होते, 'नेचर मटेरियल्स'मध्ये आलं होतं. माझ्या बाल्कनीत गवती चहाची कुंडी आहे. मग हजारो रुपये घालून पेप्टाइड कशाला मागवायचं?


खारघरकर | सोमवार, रात्री १०:४८

काम झकासच होतं ते, आणि आपल्या पुण्याचं. पण अर्कात असंख्य रेणू असतात. कुणी काय केलं हे सुटं करून सांगणं अवघड. शिवाय अर्काने कणाचा आकार ठरला, कणांची आपसातली जागा नाही. पेप्टाइडची मजा ही की एक अक्षर बदलून परत प्रयोग करता येतो. सिस्टीन काढलं, सेरिन घातलं, काय बिघडलं ते बघितलं. कुंडीतल्या गवताला हे सांगता येत नाही.


मेघदूत_वाशी | मंगळवार, सकाळी ७:५०

मला कळत नाही, डीएनए असताना पेप्टाइडच्या मागे का लागायचं? १९९६ मध्येच 'नेचर'च्या एका अंकात मर्किन आणि अलिविसाटोस या दोन गटांनी डीएनएने सोन्याचे कण जोडून दाखवले. ए समोर टी, जी समोर सी. नियम चार ओळींत संपतो. कुठला कण कुठे बसेल हे कागदावर आधी लिहिता येतं. पेप्टाइडला असा नियमच नाही. वीस अक्षरं, आणि कोण कुणाशी जोडी जमवेल याचा भरवसा नाही.


खारघरकर | मंगळवार, दुपारी २:२०

नियम अगदीच नाही असं नाही. मळसूत्रासारख्या गुंडाळलेल्या दोन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालतात, त्याला कॉइल्ड-कॉइल म्हणतात. तिथे दर सात जागांनी कुठे पाणी टाळणारं आणि कुठे भारित अमिनो आम्ल हवं हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. एक साखळी आम्लधर्मी, दुसरी आम्लारिधर्मी ठेवली की आपली आपल्याशी न जमता परकीशीच जमते. २००४ मध्ये अशाच जोडीने सोन्याचे कण जोडले होते.

पण तुमचा मुद्दा मान्य: नेमकेपणात डीएनए पुढे. पेप्टाइडकडे दुसरं काही आहे. डीएनए कणाला फक्त दोरी बांधतं. पेप्टाइड धातूच्या आयनाला पकडतं, कधी त्याच्यापासून कण बनवायला मदत करतं, तयार कणाला अस्तर घालतं आणि स्वतः धागे-फिती बनून त्या कणांना जागाही देतं. सगळं एकाच नळीत.

याचं माझं आवडतं उदाहरण पिट्सबर्ग विद्यापीठाच्या नॅथॅनिएल रोझी यांचं, २००८ सालचं. सोन्याला धरणारं १२ अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड आधीच माहीत होतं, फेज डिस्प्लेतून आलेलं. त्यात सिस्टीन, म्हणजे सोन्याला घट्ट धरणारं अमिनो आम्ल, नाही बरं का. त्यांनी त्याच्या एका टोकाला १२ कार्बनची तेलकट शेपूट लावली. आता हा रेणू अर्धा तेलकट, अर्धा पाण्याचा. पाण्यात शेपट्या आत लपवत तो पीळदार फिती बनवतो. हेपीज नावाचा साधा बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), जो जीवशास्त्राच्या लॅबमध्ये पडलेला असतो, तोच सोन्याच्या क्षाराचं धातूत रूपांतर करतो. मायक्रोस्कोपखाली काय दिसलं? सोन्याचे कण दुहेरी मळसूत्रात ओळीने बसलेले, दर ८० एक नॅनोमीटरला एक पूर्ण वेढा. शेपूट बदलली तेव्हा पोकळ गोळे मिळाले. आणि नंतर याच गटाने नैसर्गिक एल रूपाऐवजी आरशातली डी रूपातली अमिनो आम्लं वापरली, तर मळसूत्राचा पीळ उलटा पडला.

हे शेवटचं वाक्य गुलबक्षीताईंसाठी आहे. मीठ घालून पीळ उलटा होत नाही.


गुलबक्षी | मंगळवार, रात्री ९:४०

आता कुठे माझ्या प्रश्नाला हात लागला! पिळाची दिशा बदलते म्हणजे माहिती रेणूतून रचनेत गेली. हे मला पटलं. पण बघा, तिथेही सोन्याला धरणारा भाग एक आणि रचना करणारा भाग, म्हणजे शेपूट, वेगळा. म्हणजे चिकटणं आणि रचणं ही दोन कामं आहेत आणि दोन्हींची सोय पेप्टाइडमध्ये वेगवेगळी करावी लागते. लेकाच्या बाटलीतल्या पेप्टाइडमध्ये दुसरी सोय आहे का, हे विचारायला हवं.


खवचट_काका | मंगळवार, रात्री ९:५२

ताई, तुम्ही गाइड व्हा. मुलाचं काय व्हायचं ते होईल.


रोकडा_सवाल | मंगळवार, रात्री ११:०५

इतका वेळ गप्प होतो. या सगळ्यातून बाजारात काय आलं? विषाणूवर बॅटरी बनवली म्हणून केवढा गाजावाजा झाला होता, २००९ मध्ये एमआयटीच्या अध्यक्षांनी नमुना थेट व्हाइट हाउसमध्ये ओबामांना दाखवला. आज तुमच्या फोनमध्ये विषाणूची बॅटरी आहे? नाही. पेपर छापायचे, पदव्या घ्यायच्या, पुढचा विषय. आमच्या कंपनीत असं काम दाखवलं असतं तर तिसऱ्या महिन्यात बंद झालं असतं.


खारघरकर | बुधवार, सकाळी १०:१५

बॅटरीचं म्हणाल तर त्यातली कल्पना बघा. एम१३ सुमारे ८८० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम ६-७ नॅनोमीटर जाड. अंगावर एकाच प्रथिनाच्या २७०० प्रती. त्या प्रत्येक प्रतीवर धातूला धरणारं पेप्टाइड लावलं की संपूर्ण विषाणू कोबाल्ट ऑक्साइडची तार होतो. हे २००६ मध्ये खोलीच्या तापमानाला, पाण्यात केलं. असले ऑक्साइड एरवी भट्टीत भाजून काढतात. फोनपर्यंत आलं नाही हे खरं. पण एमएस्सीच्या प्रकल्पाकडून बाजाराची अपेक्षा ठेवणं म्हणजे...


रोकडा_सवाल | बुधवार, सकाळी १०:३०

अपेक्षा प्रकल्पाकडून नाही, वीस वर्षं त्यावर पैसे घालणाऱ्यांकडून आहे. पण असो.


मेघदूत_वाशी | बुधवार, सकाळी ११:१०

घरात आलेलं सोन्याच्या नॅनोकणांचं एक उत्पादन सगळ्यांनी हाताळलंय. कोविडची घरगुती चाचणी आणि गर्भधारणा चाचणी. बऱ्याच किटांमध्ये ती लाल रेघ सोन्याच्या कणांचीच असते. तिथे कणावर अँटीबॉडी बसवलेली असते, म्हणजे पेप्टाइड नव्हे, अख्खं प्रथिन. पण मीठ असलेल्या नमुन्यात कण निळे न पडता लालच राहिले पाहिजेत, ही डोकेदुखी तीच.


चिखलपक्षी | बुधवार, दुपारी ३:३५

अवांतर आहे, पण अगदीच नाही. मी ऐरोलीला खाडीवर रोहित बघायला जातो. हिवाळ्यात भरतीच्या वेळी जे चित्र असतं... असो. सांगायचं ते हे की रोहित ज्या चिखलात चोच उलटी घालून गाळतात त्यात निळ्या-हिरव्या शेवाळाबरोबर डायटम असतात. एकपेशीय जीव, अंगावर काचेचं कवच. मायक्रोस्कोपखाली ते नक्षीकाम बघून वेड लागतं. हे कवच घडवण्यातही पेप्टाइडचाच हात असतो म्हणे. कुणी सांगेल का?


खारघरकर | बुधवार, संध्याकाळी ६:२०

चिखलपक्षी, अवांतर कसलं, मूळ विषयच! डायटमच्या कवचातून सिलाफिन नावाची प्रथिनं काढली गेली, १९९९ मध्ये क्रॉगर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं. ती सिलिसिक आम्लाच्या द्रावणात घातली की काही मिनिटांत सिलिकाचे गोळे खाली बसतात. त्या प्रथिनातला एक १९ अमिनो आम्लांचा तुकडा, आर५ म्हणतात त्याला, एकटाही हे करतो, फक्त त्याला पीएच सातच्या आसपास लागतो. मूळ सिलाफिन पाचच्या आसपासही चालतं, कारण पेशी त्यावर फॉस्फेट आणि लांब अमाइन लावून ठेवते.

गुलबक्षीताई, कमी पैशांत करायचं तर हाही पर्याय आहे. सोनं नाही, वाळू! गढूळपणा डोळ्यांनी दिसतो.


ट्रान्सहार्बर | बुधवार, संध्याकाळी ६:५५

खाडीला परवा भरतीचा वास होता, उलट्या चोची मोजताना नाक धरावं लागलं. तरी रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळतो तो) मिळालाय हो २०२२ पासून.


रबाळेकर | बुधवार, रात्री १०:३०

आता मी परवा राखून ठेवलेलं लिहितो. हे पेपरात ठळक लिहिलेलं नसतं, पण कॉलेजची मुलं नेमकी इथे अडकतात.

पेप्टाइड बाटलीत येतं ते एकटं येत नाही. शुद्ध करताना आम्ही एचपीएलसीत (मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र) ट्रायफ्लुओरोअॅसिटिक आम्ल, म्हणजे टीएफए वापरतो. लायसिन, आर्जिनिन, हिस्टिडीन आणि साखळीचं अमाइन टोक या प्रत्येकावर एकेक टीएफए बसून येतो. वर ओलावा. लेबलवर '९५ टक्के शुद्ध' असतं ते एचपीएलसीच्या आलेखातलं, वजनातलं नाही. वजनात खरं पेप्टाइड ७० टक्केही असू शकतं. मुलं लेबल बघून मोलॅरिटी (द्रावणाची तीव्रता) काढतात आणि सगळे आकडे तिथेच चुकतात. बाटलीबरोबर आलेल्या कागदावर नेट पेप्टाइड कंटेंट, म्हणजे वजनातलं खरं पेप्टाइड किती, ते बघावं, नसेल तर मागून घ्यावं.

त्याहून मोठं म्हणजे त्या टीएफएने पीएच उतरतो. पीएच उतरला की सायट्रेटचा भार जातो. भार गेला की द्रावण निळं. आणि वहीत लिहिलं जातं: पेप्टाइडमुळे असेम्ब्ली!

म्हणून चार नळ्या तरी हव्यातच. एकात हवं ते पेप्टाइड. दुसऱ्यात तीच अमिनो आम्लं, क्रम विस्कटलेला. तिसऱ्यात पेप्टाइड नाहीच, फक्त तेवढंच टीएफए. चौथ्यात नुसतं पाणी. दुसरी नळी पहिलीइतकीच निळी झाली तर क्रमाचा काही संबंध नाही, फक्त भाराचा आहे. माझा अनुभव असा की विस्कटलेल्या क्रमाचं पेप्टाइड कुणी मागवतच नाही, कारण त्याचे वेगळे पैसे पडतात.

आणि सिस्टीन असेल तर पावडर पाण्यात घालून फ्रीजमध्ये महिनाभर ठेवू नका. हवेने दोन सिस्टीन जोडली जातात आणि सोन्याला धरायला कुणी मोकळं राहत नाही. मेथिओनिनही हवेने खराब होतं. वापरायच्या दिवशी, वापरायचं तेवढंच.


सव्वाशेर | बुधवार, रात्री १०:४१

दंडवत. वाचनखूण साठवली.


शेवंता_कोपरी | बुधवार, रात्री १०:५०

मला निम्मं कळलं, पण चार नळ्यांचं पूर्ण कळलं.


गुलबक्षीचा_मुलगा | गुरुवार, रात्री १२:२०

आई, तू धागा काढलास?? गाइडना कुणीतरी लिंक पाठवली, तिथून मला कळलं.

सर्वांना नमस्कार. एक खुलासा: निळं झालं ती पहिलीच चाचणी होती, बाकीच्या नळ्या पुढच्या आठवड्यात ठरलेल्या होत्या. आईने ते लिहिलं नाही.

रबाळेकर काका, आमचं पेप्टाइड आर्जिनिनवालं आहे आणि टीएफए क्षारच आहे. तुमचं वाचून पीएच पट्टी बुडवली, चारच्या आसपास. त्यामुळे आता विचार असा आहे की ते बाजूला ठेवून पाच अमिनो आम्लांचं सिस्टीन-अॅलनिन-ल्यूसीन-अॅस्परॅजिन-अॅस्परॅजिन घ्यावं. २००४ मध्ये लिव्हरपूलच्या लेव्ही यांच्या गटाने दिलेलं. सिस्टीन सोन्याला, मधली दोन पाणी टाळणारी म्हणून आपसात दाटीने उभी राहतात, शेवटची दोन पाण्याकडे. हे कणांना जुळवत नाही, उलट सुटं ठेवतं. मग याच्याच पुढे हिस्टिडीन लावलेलं दुसरं पेप्टाइड थोड्या प्रमाणात मिसळायचं आणि जस्ताचा क्षार घालून कण जोडायचे. चालेल का?


रबाळेकर | गुरुवार, सकाळी ८:५५

चालेल, आणि तुझ्या आईने विचारलेल्या दोन्ही गोष्टी त्यात वेगळ्या होतात. पाच अमिनो आम्लांचं पेप्टाइड धरायचं काम करणार, जोडायचं काम हिस्टिडीन आणि जस्त करणार. हे काढलं तर थांबलं पाहिजे, हे घातलं तर सुरू झालं पाहिजे, असं दाखवता येईल.

पहिली पायरी मिठाची. साधे सायट्रेटचे कण आणि पेप्टाइडचं अस्तर लावलेले कण, दोन्हींत मीठ घाल. साधे लगेच निळे, अस्तरवाले लाल राहिले पाहिजेत. तसं झालं नाही तर अस्तर नीट बसलेलं नाही, पुढे जाऊ नकोस. मग जस्त घालून निळं झालं की ईडीटीए टाक. ते जस्त ओढून घेतं. परत लाल झालं तर जोडणी जस्ताचीच होती. नाही झालं तर गर्दी. स्वीडनमधल्या लिंकशॉपिंगच्या गटाने जस्ताने घडी पडणारी पॉलिपेप्टाइडं सोन्याच्या कणांवर लावून असंच काम केलंय, ते पेपर वाच.

बफर निवडताना फॉस्फेट टाळ, जस्त फॉस्फेट खाली बसेल आणि तू पेप्टाइडला दोष देशील.


खारघरकर | गुरुवार, सकाळी ११:३०

भर घालतो. ५२० आणि ६५० या दोन जागांच्या शोषणाचं गुणोत्तर दर मिनिटाला घे, नुसता शेवटचा आकडा नको. गर्दी आणि जोडणी यांचा वेग बहुतेकदा वेगळा असतो. पण मंडळ आहे की गर्दी, हे यूव्ही-विझ एकटं सांगणार नाही. निदान दोन-तीन नमुन्यांचं टीईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची तपासणी, करावंच लागेल. पवईला आयआयटीच्या सैफ या उपकरण केंद्रात बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने पैसे भरून घेतात. नंबर आधी लावून ठेव. आणि नमुना वाळवताना कण आपोआप जवळ येतात, त्यामुळे नुसत्या लाल द्रावणाची जाळीही (नमुना ज्यावर वाळवतात ती) सोबत पाठव. नाहीतर वाळण्याने झालेली गर्दी तुझ्या नावावर पडेल.


ओला_कचरा | गुरुवार, दुपारी १२:१५

सोन्याचा क्षार कितीला पडतो हो? एकदा भाव विचारला होता, गवती चहाकडे परत वळलो.


रबाळेकर | गुरुवार, दुपारी १:०५

वाटतो तितका खर्च नाही. १०० मिलिलिटरच्या एका बॅचला सुमारे १० मिलिग्रॅम क्षार लागतो, त्यात खरं सोनं जेमतेम पाच मिलिग्रॅम. एका ग्रॅमच्या कुपीत शंभर बॅच. फक्त कुपी उघडली की क्षार हवेतलं पाणी ओढतो, म्हणून एकदाच सगळा विरघळवून काचेच्या गडद बाटलीत ठेवायचा. स्टीलचा चमचा लावायचा नाही. आणि काचेची भांडी अॅक्वा रेजियाने (तीव्र आम्लांचं मिश्रण) धुवायची, फ्यूम हूडमध्ये, शिक्षक शेजारी असताना. ते मिश्रण झाकण लावून साठवायचं नाही, फुटतं.


गुलबक्षी | गुरुवार, रात्री ९:२०

विस्कटलेल्या क्रमाच्या पेप्टाइडचे पैसे मी देते, कॉलेजला मागत बसू नकोस. आणि @रबाळेकर, हिस्टिडीनवाल्याचा क्रम विस्कटायचा म्हणजे हिस्टिडीनच मध्ये सरकवायचे, की ते टोकालाच ठेवून बाकीची पाच हलवायची? माझ्या मते दोन्ही प्रश्न वेगळे आहेत.


रबाळेकर | गुरुवार, रात्री ९:४८

वेगळेच आहेत. सिस्टीन पहिल्या जागी तसंच ठेवा, नाहीतर ते सोन्याला धरेल की नाही इथूनच सुरुवात होईल. हिस्टिडीन मध्ये सरकवा. टोकाचे हिस्टिडीन बाहेर पाण्यात असतात आणि जस्ताला शेजारच्या कणावर पोचता येतं, मधले अस्तरात दबतील अशी अपेक्षा. तरीही मध्ये असून जस्ताने तितकंच निळं झालं, तर जागेला महत्त्व नाही असं लिहावं लागेल, आणि तेही लिहिण्यासारखंच आहे. बाकीची पाच हलवण्याचा प्रयोग पैसे उरले तर.


गुलबक्षीचा_मुलगा | गुरुवार, रात्री १०:०५

ऑर्डर उद्या टाकतो. टीएफएऐवजी अॅसिटेट क्षार मागितला तर चालेल ना?


रबाळेकर | गुरुवार, रात्री १०:१२

उत्तमच, थोडे जास्त पैसे आणि आठवडाभर उशीर धरून चाल. पण अॅसिटेट आला तरी तिसऱ्या नळीत तेवढंच अॅसिटिक आम्ल घालायचं, ती नळी सुटत नाही.